गरज मोजायला जाताना: नवशिक्यांसाठी, जयपूर आवृत्ती

ही मार्गदर्शिका त्या तरुण-तरुणींसाठी आहे, ज्यांनी पुण्या-मुंबईत समाजकार्याची पदवी घेतली, कुठल्याशा संस्थेत चिकटले आणि आता ‘जयपूर जिल्ह्यातील स्थानिक समुदायांच्या गरजा व धारणा यांचे मूल्यांकन’ एवढ्या लांबीचं काम ज्यांच्या गळ्यात पडलं आहे. हातात बावीस पानी प्रश्नावली, गळ्यात ओळखपत्र आणि खिशात जयपूर सुपरफास्टचं तिकीट. मुंबई सेंट्रलला संध्याकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूर. तेवढ्यात ही मार्गदर्शिका सहज वाचून होईल. प्रश्नावली होणार नाही. ती ज्यांनी केली त्यांनीही सलग वाचलेली नसते.

आधी काम, मग गरज

नवशिक्याला वाटतं, आधी लोकांची गरज कळते आणि मग काम ठरतं. हा गैरसमज गाडी सुरतच्या पुढे जायच्या आत काढून टाकावा. काम दिल्लीत किंवा जिनिव्हात ठरून गेलेलं असतं. निधी मंजूर असतो, शिलाई मशिनांची कोटेशनं आलेली असतात. कमी पडत असते ती फक्त गरज, आणि ती आणायला तुम्हाला धाडलेलं असतं.

यात ओशाळण्यासारखं काही नाही. जयपुरात या पद्धतीला राजमान्यता आहे. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, येणार म्हणून महाराजा सवाई रामसिंहांनी शहर गुलाबी रंगवून घेतलं. ६ फेब्रुवारीला पाहुण्यांच्या हस्ते रामनिवास बागेत एका भव्य इमारतीची पायाभरणी झाली. तिचं नाव अल्बर्ट हॉल. इमारत कशासाठी, हे मात्र ठरायचं होतं. कुणी टाउन हॉल म्हणे, कुणी शिक्षणासाठी काहीतरी म्हणे. चार वर्षं गेली, महाराजही बदलले. १८८० मध्ये डॉ. थॉमस हेंडली या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने नव्या महाराजांना, माधोसिंहांना, सुचवलं की इथल्या कारागिरांच्या वस्तूंचं संग्रहालय करू या. १८८७ मध्ये सॅम्युअल स्विंटन जेकबने बांधलेली ती देखणी वास्तू संग्रहालय म्हणून खुली झाली. म्हणजे दगड बसल्यावर अकरा वर्षांनी का होईना, त्याला गरज मिळाली. संग्रहालय उत्तम आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण सगळ्याच कोनशिलांना हेंडली भेटत नाही. आपल्याकडच्या गावोगावच्या कुलूपबंद समाजमंदिरांना अजून भेटायचा आहे.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा छान असते, जानेवारीत साहित्य महोत्सव असतो, मोठे साहेबही ‘फील्ड व्हिजिट’ला आनंदाने येतात आणि संध्याकाळी शाल पांघरून गरिबीवर बोलता येतं. या दिवसांत लोकांना पाण्याबद्दल विचारलं की तेही सभ्यपणे ‘ठीक ही है’ म्हणतात, कारण तेव्हा खरंच ठीक असतं.

रॉबर्ट चेंबर्स नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ मध्ये ‘रूरल डेव्हलपमेंट: पुटिंग द लास्ट फर्स्ट’ या पुस्तकात अशा दौऱ्यांची यथेच्छ चिरफाड केली आहे. त्याचं निरीक्षण असं की शहरातून निघालेला तज्ज्ञ डांबरी रस्ता सोडत नाही, रस्त्याकाठचीच गावं बघतो, पुरुषांशी आणि पुढाऱ्यांशी बोलतो, जिथे आधीच एखादा प्रकल्प चालू आहे तिथेच नेला जातो आणि कोरड्या हंगामातच जातो. कारण पावसात, जेव्हा भूक आणि आजारपण दोन्ही वाढलेली असतात, तेव्हा त्याची गाडी चिखलात रुतते. चेंबर्सचं बहुतेक सगळं जयपूरला लागू पडतं. इथे हंगाम तेवढा बदलून वाचायचा. टोंक रोडने चाकसूपर्यंत गाडी झकास जाते, म्हणून जिल्ह्यातली गरज टोंक रोडच्या दोन्ही बाजूंना दाटलेली आढळते. आणि तहान लागते ती मेअखेरीस, नौतपाच्या दिवसांत, लू सुटलेली असते तेव्हा. त्या दिवसांत तुमची संस्था अहवाल लिहीत असते, वातानुकूलित खोलीत.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. प्रश्नावलीत ‘पाण्याचा मुख्य स्रोत’ या प्रश्नाखाली नळ, हातपंप, विहीर, इतर असे चौकोन असतात. टँकर ‘इतर’मध्ये जातो. जमवारामगढकडे गेलात तर एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसा. रामगढचा बांध कित्येक दशकं जयपूरला पाणी पाजत होता. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकास्पर्धा तिथे झाल्या. नंतर तो आटला आणि वर्षानुवर्षं कोरडा राहिला. शहराला आता टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटर लांबून, पाणी येतं. ज्याने तिथे वल्ही चालताना पाहिली त्या म्हाताऱ्याची ‘धारणा’ चौकोनात मावणार नाही. मागे कोरी जागा असेल तर तिथे लिहून घ्या.

नमस्कार-चमत्कार

हॉटेलच्या जाहिरातीत ऐकलेलं ‘खम्मा घणी’ गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणू नये. ती जोधपूर-उदयपूरकडची रीत. इकडचा ढूंढाडी माणूस ‘राम राम सा’ म्हणतो. तुम्हीही तेवढंच म्हणा. साफा बांधून घेऊ नका. फोटोत वाईट दिसतं.

सभा

गावात पोचलात की सरपंचाची चौकशी करा. सरपंच बाई असते, पण भेटायला बाई येत नाहीत, त्यांचे यजमान येतात. गावकरी त्यांना हसत हसत ‘एसपी साहब’ म्हणतात. एसपी म्हणजे सरपंच-पती. हे गृहस्थ अत्यंत कार्यक्षम असतात. पंधरा मिनिटांत खाटा, चहा आणि समुदाय यांची व्यवस्था करतात. समुदायही नेहमीचाच असतो. गेल्या महिन्यात दुसऱ्या संस्थेला याच समुदायाने गरजा सांगितलेल्या असतात, त्यामुळे त्यांची तालीम पक्की असते. गावाची पहिली गरज विचारलीत की एसपी साहेबांच्या घरापर्यंतचा सिमेंट रस्ता ही गरज एकमताने पुढे येते.

बायका मागे बसतात, पदर हनुवटीपर्यंत ओढून. त्या गप्प आहेत म्हणून ‘महिलांचा सहभाग अल्प’ असं लिहायची घाई करू नका. सासऱ्या-दिरांसमोर सून बोलत नाही एवढंच ते आहे. बोलायला लागल्या की त्याच बायका तुम्हाला जागेवरून उठू देत नाहीत. त्यासाठी पुरुष आणि खाटा नसतील अशी जागा लागते. हातपंप चालेल, रोजगार हमीच्या कामावरची जेवणाची सुट्टी त्याहून चांगली. आणखी एक युक्ती: माहेरी आलेली लेक गाठा. तिचा पदर डोक्यावरही नसतो, ती गल्लीतून बिनधास्त फिरते आणि कुणाच्या नळाला पाणी येतं, कुणाच्या येत नाही, हे मोठ्याने सांगते. अडचण एवढीच की ती आता या गावची नाही, त्यामुळे नमुन्यात बसत नाही. आणि तिच्या सासरी गेलात तर तिथे ती पदराआड असते.

उत्तरं

हा भाग जरा सावकाश वाचा. तुम्ही पहिले नाही आहात. तुमच्या आधी येऊन गेलेल्यांनी लोकांना प्रश्नांची उत्तरं द्यायला शिकवलेलं आहे, आणि ती शिकवणी महाग पडलेली आहे.

२००२ सालच्या बीपीएल सर्वेक्षणाचं उदाहरण घ्या. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब ओळखण्यासाठी १३ प्रश्न होते. जमीन किती, घर कसलं, माणशी कपडे किती, दोन वेळचं जेवण मिळतं का, संडास आहे का, घरात कोणत्या वस्तू आहेत, शिक्षण किती. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जास्तीत जास्त ५२. ज्याचे गुण कमी तो गरीब. म्हणजे शाळेच्या बरोब्बर उलटी परीक्षा, नापास होणाऱ्याला बक्षीस. ज्याने खरं सांगितलं की घरात पंखा आहे, पोरगी आठवी झाली आहे आणि मागे संडास बांधलाय, त्याचे गुण वाढले. शेजाऱ्याने काहीच नाही म्हटलं आणि त्याच्या पिशवीत गहू आले. दोन्ही घरांतली मुलं हे बघत मोठी झाली. आज तीच मुलं तुमच्या समोर खाटेवर बसलेली आहेत, आणि तुम्ही खिशातून पेन काढून विचारता, ‘आपके घर में पंखा है?’

ती तुमच्याकडे नीट बघतात. डोक्यावरचं फिरतं पातं त्यांनाही ऐकू येतं, तुम्हालाही. मग ती म्हणतात, ‘आप जैसा ठीक समझो, लिख लो।’

अशा उत्तराला अहवालात ‘माहिती देण्यातील अनिच्छा’ म्हणतात. मी त्याला अंदाज म्हणेन. तुम्ही कोण, कुठल्या गाडीतून आलात, फायलीवर कुणाचं बोधचिन्ह आहे, मागच्या वेळी हेच बोधचिन्ह घेऊन आलेल्यांनी काय वाटलं होतं, हे सगळं त्यांनी तुमचा चहा निवायच्या आत मोजलेलं असतं. आरोग्यवाले आले की गावात आजार वाढतात. बचतगटवाले आले की बायकांना अचानक पापडाची आवड निर्माण होते. खोटं कुणीच बोलत नसतं. तुमच्याकडे जे देण्यासारखं आहे तेच मागण्याचा व्यवहारीपणा लोकांकडे असतो, आणि तुम्ही खुशीत परत जाता की आपलं गृहीतक सिद्ध झालं.

जवाहर नगरची कच्ची बस्ती जयपुरातल्या जुन्या, मोठ्या वस्त्यांपैकी. डोंगराच्या कडेला टेकाडांवर पसरलेली, त्यामुळे पत्ताच ‘टीला नंबर’ असा सांगतात. शहरातच असल्याने अशा वस्तीला अभ्यासकांचा तुटवडा नसतो, आणि नवशिक्याची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. दारात भांडी घासत बसलेली एखादी बाई मान वर न करता विचारते, ‘मैडमजी, फोटो पहले लोगे कि बाद में?’ मग तिची प्रश्नावली सुरू होते. तुम्हाला पगार कोण देतं? हा कागद कुठे जाणार? मागच्या वेळच्या मुलीने आधारचा नंबर घेतला होता, त्याचं काय झालं? यातल्या एकाही प्रश्नाला तुमच्याकडे चौकोन नसेल, तर खोटं बोलू नका. ‘पता नहीं’ हे उत्तर वैध आहे. तुमच्या प्रश्नावलीतही ते असतं, ९९ या क्रमांकाने.

साधनं

लोकसहभागी पद्धतीत गावकऱ्यांकडून जमिनीवर नकाशा काढून घेतात. खडू, गेरू, राख, काहीही चालतं. राजस्थानच्या बायका अंगणात मांडणे काढतात, त्यामुळे त्यांचा हात तुमच्यापेक्षा सफाईदार असतो. काठी त्यांच्या हातात द्यायची आणि आपण गप्प बसायचं, एवढंच तंत्र आहे. दुसरा भाग बहुतेकांना जमत नाही.

गरजांचा क्रम लावायला धान्याचे दाणे वापरण्याचीही पद्धत आहे. पाण्यापुढे दहा दाणे, रस्त्यापुढे चार, असं. बाजरी वापरू नका, चिंचोके न्या. बाजरी मांडली की बकरी येते आणि सर्वांत जास्त दाणे ज्या गरजेपुढे, ती आधी संपवते. जिल्हा नियोजनातही कधीकधी असंच होतं, पण त्याचा दोष बकरीला देता येत नाही.

न विचारता

आता एक उलटं उदाहरण. अभ्यासक्रमात ते अपंग पुनर्वसनाच्या धड्यात घालतात, गरजांच्या मूल्यांकनात कुणी शिकवत नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात पाय गमावलेल्या माणसांना कृत्रिम पाय बसवत. पाय चांगला होता, परदेशी धर्तीचा. पण काही दिवसांनी तीच माणसं कुबड्यांवर परत यायची, पाय घरी कोपऱ्यात. ‘आपको कृत्रिम पैर की आवश्यकता है?’ असं विचारलं असतं तर शंभर टक्के ‘हो’ आलं असतं आणि आणखी तसेच पाय मागवले गेले असते. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि तिथले कारागीर रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, यांनी पाहिलं ते वेगळं. तो पाय बुटात घालावा लागे. बूट घालून देवळात जाता येत नाही, चुलीपुढे बसता येत नाही, भाताच्या चिखलात उतरता येत नाही. घोटा ताठ, म्हणून उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. म्हणजे तो पाय चालायला होता, आणि इथल्या माणसाचा निम्मा दिवस जमिनीवर बसण्यात जातो.

मास्टरजींना टायर रिट्रेड करणाऱ्याच्या दुकानात उपाय दिसला असं सांगतात: व्हल्कनाइज केलेलं रबर. त्यातून वाकणारा, पाण्याला न भिणारा, रंगारूपाने पायासारखा पाय तयार झाला, बुटाशिवायचा. तोच ‘जयपूर फूट’. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि तो फुकट बसवायला सुरुवात झाली. तिथेही तेच डोकं चाललेलं दिसतं: लांबून आलेला माणूस रात्री-अपरात्री पोचतो, त्याला भेटीची वेळ देऊन चार दिवसांनी बोलावलं तर तो राहणार कुठे? म्हणून आल्या वेळी दाखल करून घेतात, जेवूखाऊ घालतात. सुधा चंद्रन १९८४ मध्ये मुंबईच्या रंगमंचावर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या त्या याच पायावर, आणि दोन वर्षांनी ‘नाचे मयूरी’ पाहून आपल्याकडे घरोघरी जयपूरचं नाव झालं. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव तितकं कुणाच्या तोंडी बसलं नाही, पण कारागिरांच्या बाबतीत ही आपली जुनी खोड आहे.

आपल्याकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधताना असाच विचार केला. आदिवासींना पांढऱ्या भिंतींच्या, नातेवाइकांना बाहेर काढणाऱ्या इस्पितळाची भीती वाटते हे त्यांनी ऐकून घेतलं, म्हणून शोधग्राममध्ये झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं.

तेव्हा नवशिक्याने पहिले दोन दिवस प्रश्नावली पिशवीतच ठेवावी. लोक कसे बसतात, पाणी कोण आणतं, कुठलं सरकारी सामान दारामागे धूळ खात उभं आहे, संडासात गोवऱ्या रचल्या आहेत की बादली आहे, ते बघत हिंडावं. वरिष्ठांनी विचारलं तर ‘पायलट चालू आहे’ सांगावं.

अहवाल आणि नंतरचं

अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो, ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता येऊ नये म्हणून. मुखपृष्ठावर रंगीत ओढणीतली, हसणारी, घागर घेतलेली बाई हवी. घागर रिकामी असली तरी चालेल. शिफारशी सात असाव्यात, सातवी नेहमी ‘अधिक अभ्यासाची गरज’.

पण सात नंबर लिहिण्याआधी एक जुनी हकिगत डोक्यात असू द्या. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरीहून १९९० मध्ये सुरू झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने, म्हणजे अरुणा रॉय, शंकर सिंह, निखिल डे आणि त्यांच्याबरोबरच्या मजुरांनी, दुष्काळी कामांवरच्या मजुरीचा छडा लावायला घेतला. तेव्हा लोकांच्या गरजांची यादी केली असती तर विहीर, रस्ता, शाळा, दवाखाना असंच निघालं असतं. लोकांनी मागितली हजेरीपटाची झेरॉक्स. मजुरी कुणाच्या नावावर निघाली ते त्यांना बघायचं होतं. १९९४ च्या डिसेंबरात कोटकिरानाला पहिली जनसुनवाई झाली आणि कागद मोठ्याने वाचला गेला. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच लढ्यातली. कुठल्याही प्रश्नावलीत झेरॉक्सचा चौकोन नव्हता, आजही नसतो. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं झालं, आणि १९९७ मध्ये खुद्द जयपुरात ५३ दिवस. राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा २००० साली आला, देशाचा २००५ मध्ये.

यातला नवशिक्यांच्या कामाचा भाग त्या ५३ दिवसांच्या शेवटी आहे. मे-जूनचं ऊन, रस्त्यावरचा मांडव, गावागावांतून आळीपाळीने येऊन बसणारी माणसं. एवढं झाल्यावर उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की पंचायतीच्या कागदांच्या प्रती मिळण्याचा हक्क सरकारने सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात अधिसूचित केलेला आहे. सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

म्हणून परतीच्या गाडीआधीचा दिवस मोकळा ठेवा. २०१९ पासून राजस्थान सरकारचं जनसूचना पोर्टल आहे, पंचायतवार, वॉर्डवार माहिती देणारं. बस्तीच्या तोंडाशीच ई-मित्रचं दुकान असतं, त्या पोराला वॉर्ड सांगा आणि तुमच्या सात शिफारशी एकेक करून तपासा. एखादी आधीच मंजूर झालेली निघेल. एखादी तर पूर्ण झालेलीही निघेल, तारखेसकट, खर्चासकट, आणि त्याच टीला नंबरवर जिथे काल तुम्ही नळाला तोटीसुद्धा नाही असं लिहून आलात. त्या पानाची झेरॉक्स काढा, भांडी घासणाऱ्या त्या बाईंना नेऊन द्या, आणि मग जयपूर सुपरफास्टच्या तिकिटाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कन्फर्म तिकीट रद्द केलं तर थोडे पैसे कापतात.